बंब एक नग

रुईगव्हाण नगरपालिकेच्या हजेरीपटावर सुग्रीवच्या नावापुढं ‘वाहनचालक’ असं लिहिलेलं होतं, पण गावात ते कुणाला ठाऊक नव्हतं. गावाच्या लेखी तो सुग्रीव बंबवाला. लोक लग्नपत्रिकेवर सरळ ‘श्री. सुग्रीव बंबवाले’ असं लिहून मोकळे व्हायचे. त्यालाही ते आवडायचं. बापजाद्यांचं आडनाव बाजूला पडलं याचं त्याला दुःख नव्हतं. दुःख होतं ते बंबाचं.

कारण त्या बंबाला बंब म्हणणं हीच मुळात थट्टा होती. बहात्तरच्या दुष्काळात पाणी वाटायला आलेला तो टँकर. दुष्काळ सरला, टँकर राहिला. पुढं कुण्या हौशी अध्यक्षानं त्याला लाल रंग दिला, वर घंटा बसवली आणि ‘आजपासून हा आपला बंब’ म्हणून नारळ फोडला. त्याला पंप नव्हता. मागं एक तोटी आणि तिला चाळीस फूट पाइप, एवढाच कारभार. पाणी आपल्या वजनानं जेवढं पडेल तेवढं. बॅटरी कधीच मेलेली, त्यामुळं ढकलल्याशिवाय गाडी चालू होत नसे. आणि तळ असा सडलेला, की बंब कुठून निघून कुठं गेला हे रस्त्यावरच्या ओल्या रेघेवरून आंधळ्यालाही कळावं. उभा असायचा तो सरकारी विश्रामगृहाच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये. सुग्रीव रोज सकाळी तो भरायचा आणि संध्याकाळपर्यंत तो निम्मा रिकामा व्हायचा.

सुग्रीव स्वभावानं गरीब. त्याचा मोठा आवाज कुणी ऐकला असेल तर तो घंटेचाच. पण एका गोष्टीनं तो आतून पोखरला जात होता, आणि ती गोष्ट म्हणजे त्याची थोरली बहीण साखराबाई. आष्टीकडं दिलेली. नवरा-बायको दोघं दरसाल ऊसतोडीला जायची. एका हंगामात नवरा फडातच गेला आणि ती एक म्हैस घेऊन भावाच्या गावी आली. भावाच्या घरात राहायला मात्र तिनं साफ नकार दिला. कडब्याच्या अड्ड्यावर एक पत्र्याची खोली घेतली, शेतकऱ्यांकडून कडबा घ्यायचा, गंजी लावायची आणि पेंडी-पेंडीनं विकायचा. सुग्रीवच्या आईच्या माघारी तिनंच त्याला वाढवलेलं. त्यामुळं तिच्यापुढं त्याचं काही चालत नसे.

आता कडब्याचा अड्डा म्हणजे काय, हे सांगायला नको. उन्हाळ्यात दोन-दोन माणसं उंच गंज्या, मधनं बैलगाडी कशीबशी जाईल एवढी वाट, वर विजेच्या लोंबत्या तारा. त्याच्या मधोमध साखराबाईची खोली. सुग्रीव तिकडून जाताना तारांकडं बघायचा आणि बहिणीच्या दारात थांबायचा. इतर सगळ्या गावाला वाटायचं, आपल्याकडं बंब आहे. तो नसल्यातच जमा आहे, हे ठाऊक असलेला माणूस गावात एकच होता, आणि तो म्हणजे सुग्रीव.

“आक्का, घरी चल बरं तू,” तो म्हणायचा.

“कावून? भाऊ बंबवाला असून मी भिऊ व्हय?” ती हसायची. “तुजा नवा बंब आला का रं?”

हा प्रश्न ती भेटेल तेव्हा विचारायची. जेवलास का, हे नंतर.

साल त्र्याण्णवचं. देशात म्हणे सगळं खुलं झालं होतं. रुईगव्हाणात त्याची खूण म्हणजे बसस्टँडसमोर पिवळ्या पाटीचे तीन फोनबूथ, केबलवाल्याची गच्ची-गच्चीवरून गेलेली वायर आणि अध्यक्षांची नवीकोरी पांढरी गाडी. सगळ्यांना काहीतरी नवीन हवं होतं, तेव्हा सुग्रीवनं धीर केला. सातवी शिकलेला, अक्षर मोत्यासारखं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी शेडमध्ये बसून त्यानं अर्ज लिहिला:

‘जुना बंब तळाला सडला आहे. तोटी गळते. पाणी टिकत नाही. तरी उन्हाळ्याच्या आत नवीन बंब मिळावा ही नम्र विनंती.’

हा अर्ज सभेपुढं आणला तो धोंडप्पांनी. ते अड्ड्याच्या वॉर्डाचे नगरसेवक, सरकीचे व्यापारी, कपाळाला विभूती, बोलणं कमी. सभा भरली तेव्हा सुग्रीव दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला. विषय अकरावा होता. त्याच्या आधीचा दहावा विषय, सभागृहात रंगीत टीव्ही घ्यावा की न घ्यावा, दीड तास चालला. लोकशाही आहे, चालायचंच.

“मागल्या साली आगी किती लागल्या?” एका सदस्यानं विचारलं.

“तीन,” धोंडप्पा म्हणाले.

“मंग? तिन्ही इझल्या न्हाईत का?”

“जळायचं सरल्यावर इझल्या. त्याला इझवनं म्हनत न्हाईत.”

हशा पिकला. दुसरा म्हणाला, आहे त्यालाच रंग मारू. तिसऱ्याचं म्हणणं, बंब घ्यायचा तर लग्नसराईत पाणी पुरवता येईल असा घ्या. अध्यक्षांनी दाराकडं बघितलं आणि म्हणाले, “सुग्रीव, चालवनारा तू. तूच बोल बे.”

आयुष्यात पहिल्यांदा सुग्रीव त्या सभागृहात बोलला. “साहेब, बंब हाय म्हनून गाव बिनघोर झोपतंय. एक तर नवा घ्या, न्हाईतर दवंडी द्या की बंब न्हाई. लोक सावध तरी ऱ्हातील.”

मग कुणीतरी ‘मंजूर’ म्हणालं आणि सगळ्यांनीच म्हटलं, कारण चहा आला होता.

ठराव लिहिला बद्रीनाथ कारकुनानं. बद्रीनाथ कामाला चोख, एका शब्दाची पदरमोड न करणारा. सुग्रीवच्या अर्जातले शब्द इतके नेटके होते, की त्यानं ते जसेच्या तसे उचलले: ‘जुना बंब तळाला सडल्याने व तोटी गळत असल्याने नवीन बंब एक नग मिळणेस ही सभा मंजुरी देत आहे.’ खाली सही, शिक्का. कागद वर गेला.

ही ‘वर’ म्हणजे नक्की कुठली जागा, हे रुईगव्हाणात कुणी पाहिलेलं नव्हतं. तिथून शेरे यायचे आणि तिथं उत्तरं जायची. महिन्याभरानं शेरा आला: ‘जुन्या बंबास डाग देऊन पाहिला काय? तसा दाखला जोडावा.’

“रास्त विचारलंय,” बद्रीनाथ म्हणाला. सुग्रीवनं तळाला खरंच दोनदा डाग दिलेला होता. वेल्डिंगवाल्याचा दाखला जोडला. पुढच्या महिन्यात दुसरा शेरा: ‘नवीन बंब कोणत्या ठिकाणी बसविणार?’ बद्रीनाथनं जे खरं होतं ते लिहिलं: ‘शासकीय विश्रामगृहाच्या मागील बाजूस.’

आणि संक्रांत झाल्यावर मंजुरी आली! ‘बंब एक नग मंजूर. पुरवठा या कार्यालयामार्फत होईल.’ धोंडप्पांनी पेढे वाटले. वरच्यांना नावं ठेवायची सवय लागलेले लोक त्या दिवशी जरा वरमले. सुग्रीव पेढा पुडीत बांधून थेट अड्ड्यावर गेला.

“आक्का, मंजूर झाला. आता आलाच म्हन.”

साखराबाईनं निम्मा पेढा त्याच्या तोंडात घातला, निम्मा म्हशीच्या. “लाल आसतोय ना रं?” तिनं विचारलं.

“लालभडक. आन पंप असला, तीन माळे पानी जातंय.”

त्यानंतर सुग्रीव रोज एकदा बसस्टँडच्या फाट्यावर जाऊन उभा राहू लागला. फेब्रुवारी गेला, मार्च गेला. बद्रीनाथनं दोन स्मरणपत्रं धाडली. उन्हं तापली, अड्ड्यावर नव्या गंज्या चढल्या.

एप्रिलच्या एका दुपारी वारा सुटला, तारेवर तार घासली आणि ठिणगी पडली.

तो दिवस सुग्रीवनं पुढं मनात हजारदा उलटापालटा केला, कुठं आपली चूक सापडते का बघायला. सापडली असती तर बरं झालं असतं, इतकं सगळं त्या दिवशी बरोबर घडलं. बंब भरलेला होता. माणसं होती. वीसेक जणांनी ढकलला आणि पहिल्या दणक्यात इंजिन लागलं. बाजारपेठ मोकळी होती. घंटा वाजवत तो पाचव्या मिनिटाला अड्ड्यावर होता, मागं ओली रेघ सोडत. लोकांनी ‘बंब आला, बंब आला’ म्हणून वाट करून दिली. एका बाईनं हात जोडले. त्यानं पाइप ओढला, तोटी सोडली, आणि मोरीच्या नळाला येतं तसं पाणी त्याच्या स्वतःच्या पायांवर पडलं.

समोर गंजी भडाभडा जळत होती. पाइप वर धरला की धार बंद व्हायची, खाली धरला की यायची. लोक ओरडायला लागले. “अय, मार की पानी! बगतो काय!” एक दगड बंबाच्या पत्र्यावर आपटला. दुसरा सुग्रीवच्या खांद्याला लागला. धोंडप्पा फोनबूथकडं पळाले, जिल्ह्याचा बंब बोलवायला; तो निघालाही लगेच, पण वाट चाळीस किलोमीटरची होती.

साखराबाई बाहेर होती. म्हणजे पहिल्यांदा बाहेर आलेली होती, बघणारे तसं सांगतात. म्हैस दाव्याला राहिली म्हणून ती परत आत गेली. दाव्याची गाठ घट्ट होती. सुग्रीवला हे कळलं तेव्हा त्यानं पाइप टाकला, तोटीखाली एक पोतं भिजवलं, अंगावर घेतलं आणि गंज्यांच्या मधल्या वाटेनं आत शिरला. त्या बंबाचा त्या दिवशी एवढाच उपयोग झाला, एक पोतं भिजवण्याचा.

त्यानं तिला बाहेर आणलं. म्हैस सुटली नाही. जिल्ह्याचा लालभडक बंब आला तेव्हा अड्ड्यावर राखेचे ढीग होते आणि वाकडे झालेले पत्रे होते. त्या बंबानं राख भिजवली. तीन माळे उंच धार गेली, सगळ्या गावानं बघितली. सुग्रीव बघायला नव्हता. तो बहिणीला घेऊन दवाखान्याच्या वाटेवर होता.

साखराबाई जगली. दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले, कापावे लागले नाहीत एवढंच. बोटं आखडून एकमेकांना चिकटली. डोळ्यांपुढं पांढरा उजेड राहिला, त्यात माणूस ओळखू येत नसे. अडीच महिन्यांनी सुग्रीवनं तिला घरी आणलं. जे तिनं आधी कधीच कबूल केलं नव्हतं ते आता विचारायची गरजच राहिली नाही. त्याची बायको सत्यभामा तिला भरवायची. साखराबाईनं एकदाही भावाला बोल लावला नाही, आणि तेच त्याला सोसत नव्हतं. शिवी दिली असती तर तो निदान रडला असता.

श्रावणात एका सकाळी बद्रीनाथ पळत आला. धोतराचा सोगा हातात, काखेत फाइलची पिशवी, धाप लागलेली. “सुग्रीव, चल! बंब आला! बसस्टँडवर आलाय, कागद माझ्या हातात हाय!”

सुग्रीव तसाच उठला, अनवाणी. स्टँडवर जाऊन त्यानं चहूकडं पाहिलं. लाल रंगाची एसटीच उभी होती, बीडहून आलेली. दुसरी गाडी नव्हती.

“कुठं हाय?”

कंडक्टरनं टपाकडं बोट दाखवलं. हमालानं वरून पोत्यात शिवलेलं एक बोचकं खाली दिलं. कमरेएवढं उंच, बऱ्यापैकी जड. वर चिठ्ठी: ‘मुख्याधिकारी, रुईगव्हाण न. प. बंब एक नग.’ तोवर धोंडप्पा आले होते. सुग्रीवनं सुतळी तोडली, पोतं उसवलं. आत ठोका बसू नये म्हणून भोवती कडबा भरलेला होता. त्यानं तो मूठमूठ उपसून काढला, आणि आतून अंघोळीचं पाणी तापवायचा तांब्याचा बंब निघाला. नवाकोरा, उन्हात लालबुंद चमकणारा. मधे निखाऱ्याची नळी, खाली राखेची जाळी, पुढं पितळी तोटी.

बद्रीनाथनं पिशवीतून फाइल काढली आणि उभ्या-उभ्या वाचायला लागला. तळ सडला आहे. तोटी गळते. डाग देऊन पाहिला. विश्रामगृहाच्या मागील बाजूस. त्याचा आवाज बसत गेला. एक शब्द खोटा नव्हता. ‘आगीचा’ हा एवढासा शब्द मात्र पहिल्या अर्जापासून कुठंच नव्हता, कारण रुईगव्हाणात तो कुणी लावतच नसे. बंब म्हटलं की सुग्रीवचा बंब, हे अख्ख्या गावाला ठाऊक. वरच्यांना कसं ठाऊक असणार? त्यांना घरातला ठाऊक.

“माज्याच अक्षरात हाय की सगळं,” सुग्रीव म्हणाला.

“न्हाई, न्हाई. मी लिवायला पायजे होतं,” बद्रीनाथ म्हणाला आणि हमालांच्या ओट्यावर मटकन बसला. धोंडप्पांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली, जशी माणसं मयताच्या दारात घेतात.

पुन्हा ठराव झाला. या वेळी ‘आग विझविणेचा मोटार बंब’ असं बद्रीनाथनं खाली दोन रेघा मारून लिहिलं. दोन महिन्यांनी शेरा आला: ‘सदर नगरपालिकेस चालू वर्षी बंब पुरविण्यात आलेला असून पोहोच प्राप्त आहे. सबब पुनश्च मागणीचा विचार करता येत नाही.’ पोहोचेवर सही बद्रीनाथचीच होती. वस्तू आली होती, त्यानं आली म्हणून लिहिलं होतं.

दिवाळीच्या चार दिवस आधी आगीच्या चौकशीसाठी वरचे एक साहेब आले. विश्रामगृहात उतरले. थंडी पडली होती, साहेबांना पहाटे कढत पाणी लागायचं. मुख्याधिकाऱ्यांनी सुग्रीवला निरोप धाडला: बंब पेटव.

सुग्रीवनं पेटवला. नळीत चिपाडं घातली, फुंकर मारली, धूर डोळ्यांत घेतला. पाणी तापलं. साहेबांची अंघोळ झाल्यावर बद्रीनाथनं व्हरांड्यात त्यांना गाठलं आणि फाइल उघडून सगळं सांगितलं, अगदी हात जोडून. साहेब माणूस म्हणून वाईट नव्हते. त्यांनी नीट ऐकलं, मान हलवली, एकदा ‘अरेरे’ही म्हणाले. मग म्हणाले, “हे सगळं लेखी पाठवा. वर विचार होईल.” आणि जाता-जाता, “पाणी मात्र छान तापतं हो.”

जीप गेल्यावर सुग्रीवनं नळीतले निखारे जाळीतून खाली पाडले आणि त्यांवर तांब्याभर पाणी ओतलं. लगेच विझले.

भाऊबीजेला साखराबाईनं हट्ट धरला, की ओवाळीन तर मीच. सत्यभामानं ताट तयार केलं. निरांजन ठेवलं, पण पेटवलं नाही. ज्योतीची धग तोंडाला लागली की साखराबाई आता दचकून मागं सरायची. पाटावर सुग्रीव बसला. साखराबाईच्या आखडलेल्या बोटांत ताट राहीना, म्हणून त्यानं खालून दोन्ही हातांचा आधार दिला. बहीण ओवाळायची आणि ताट भावानं फिरवायचं, असं चाललं.

“आला म्हनं तुजा बंब?” ती मधेच म्हणाली. “शेजारची सांगत होती. मला कावून सांगितलं न्हाईस?”

सत्यभामानं पदर तोंडाला लावला.

“आला, आक्का.”

“लाल हाय?”

“लालबुंद हाय. लई चमकतोय.”

“गळत न्हाई ना पहिल्यावानी?”

“न्हाई. थेंब गळत न्हाई.”

“तूच बगतो ना त्याचं? दुसऱ्या कुनाच्या हाती देऊ नको.”

“मीच बगतो.”

साखराबाईच्या तोंडावर, जिथं कातडी ओढली जात नव्हती तेवढ्या जागेत, हसू आलं. “लई ब्येस झालं बग,” ती म्हणाली. “आता कुनाची म्हस तरी दाव्याला जळायची न्हाई.” आणि न पेटलेल्या दिव्याचं ताट तिनं त्याच्या तोंडावरून पुन्हा एकदा फिरवायला घेतलं, पण ताटाखालचे हातच हलेनात, म्हणून तिनं विचारलं, “सुग्रीवा, थांबलास का रं?”